सेट म्हटलं की हलत नाही

"सर, तुम्ही सेट कधी होणार?"

धनूच्या तोंडून प्रश्न सुटला आणि दहावी 'ब'च्या वर्गात एवढी शांतता पसरली, की मागच्या बाकावर चोरून शेंगा खाणाऱ्याच्या हातातलं टरफल फरशीवर पडलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

आता, प्रश्न काही धनूचा नव्हता. तो दिपाली आणि सुकन्याचा होता. मधल्या सुट्टीत दोघींनी तिला भिंतीशी गाठून सांगितलं होतं, "लई प्रश्न विचारतीस ना बे तू? मग गुंड सरांना हा विचारून दाखव. हिंमत असेल तर." आणि हिंमत हा धनूचा ताजा माल होता. नववीपर्यंत ही धनलक्ष्मी वर्गात हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा घाम पुसायची. यंदा एकदा चुकून हात वर गेला, चुकून प्रश्न विचारला गेला, आणि आभाळ कोसळलं नाही. झालं. तेव्हापासून ती विज्ञानाच्या मॅडमना, शिपाईमामांना, देवळातल्या स्वामींना, दिसेल त्याला प्रश्न विचारत सुटली होती.

गुंड सर म्हणजे बिभीषण गुंड. नाव रावणाच्या भावाचं, आडनाव तसलं, आणि माणूस असा की अंगावर डास बसला तरी त्याला 'एक्स्क्यूज मी' म्हणेल. लग्न नाही, पर्मनंट नोकरी नाही, तासाप्रमाणे पगार. दर जूनला मुख्याध्यापक त्यांना म्हणायचे, "यंदा बघू हं सर." त्यामुळे 'सर सेट कधी होणार' हा शाळेत विनोदाचा विषय होता. फक्त तो सरांच्या तोंडावर कुणी केला नव्हता.

सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडलेच नाहीत. सावकाश वळले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात त्यांनी तो इंग्रजी शब्द लिहिला. खडू किंचाळला. नेमकी तेव्हाच लाइट गेली आणि डोक्यावरचा पंखा एकेक पातं मोजून दाखवत थांबला.

"मी सेट आहे," सर पाठमोरेच म्हणाले. "प्राध्यापक व्हायला एक परीक्षा द्यावी लागते. तिचं नावच सेट. ती मी केव्हाच पास झालो. म्हणजे मी सेट आहे. पण सेट नाही."

मग ते वर्गाकडं वळले.

"धनलक्ष्मी, इंग्रजीतल्या सगळ्या क्रियापदांत हे दिसायला सगळ्यात गरीब. सूर्य मावळला, सेट. दही लागलं, सेट. सिमेंट धरलं, सेट. हाड बसवलं, सापळा लावला, ताट मांडलं, आग लावली, सगळं सेट. मोठ्या डिक्शनरीत ह्याची पानंच्या पानं आहेत. गॅदरिंगच्या प्रदर्शनात तू हाच प्रकल्प मांड. जिथं जिथं हा शब्द सापडेल, तिथं मराठीत नेमकं काय घडलं ते लिहायचं. फक्त एक..." इथं घंटा वाजली. सरांनी डस्टर उचललं. "फक्त म्हणताना जपून म्हण. सेट म्हटलं की हलत नाही."

त्यांनी फळा पुसला. शब्द पुसला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तेव्हाही तो तिथंच, फिकट, पण होता. सुकन्या म्हणाली, खडू ओला असेल. दिपाली काहीच म्हणाली नाही, आणि दिपालीनं काहीच न म्हणणं ही तिच्या जन्मापासूनची पहिली वेळ होती.

घरी आल्यावर धनूनं भिंतीवर एक मोठा ड्रॉइंग पेपर डकवला आणि शब्द शोधायला घेतला. शोधायचं काय, घर भरलेलं होतं. बैठकीत सोफासेट, ज्याच्या अंगावरचं प्लास्टिक आणल्यापासून काढलेलं नव्हतं आणि ज्यावर बसलेला पाहुणा उठताना चर्रर्र करून सुटायचा. काचेच्या कपाटात डिनरसेट, ज्यात आजवर कुणी जेवलं नव्हतं. आणि खिडकीत पाण्याच्या पेल्यात अज्जीचा दातांचा सेट, जो दुपारभर एकटाच हसत बसायचा. पण धनू शिस्तीची मुलगी. ही सगळी नामं. तिला क्रियापद हवं होतं. हलणारं काहीतरी.

पहिलं क्रियापद स्वयंपाकघरात सापडलं. तिची अज्जी, सुंदरम्मा, मूळची अक्कलकोटकडची. मराठी बोलता बोलता घाबरली की कानडीत शिरायची. अज्जीनं लावलेल्या दह्याचं पातेलं धनूनं उचललं, "हे बघ अज्जी, सेट झालंय!" असं जाहीर केलं आणि पुराव्यादाखल पातेलं सरळ उलटं धरलं.

दही पडलं नाही. धनूनं हलवलं, तरी नाही. अज्जीनं पळीनं पातेल्याच्या बुडाला हाणलं, तरी नाही.

"अय्यो शिवने! काय करायलीस गं हे? एन आयतवा इदक्के? काय झालंय ह्याला?" अज्जी मागं सरली. "दही हाय का फरशी?"

शेवटी ते सुरीनं कापून वाढावं लागलं. धनूच्या अप्पांनी, म्हणजे महेश्वररावांनी, ते ताटात घेऊन बराच वेळ बघितलं आणि "म्हशीच्या दुधाचं असणार," असा निकाल दिला. अप्पा पतसंस्थेत कॅशियर. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीचा निकाल असायचा आणि तो जेवण संपायच्या आत लागायचा.

त्यानंतर धनूनं अज्जीच्या गोळ्यांसाठी घड्याळाचा गजर सेट केला. म्हणजे तोंडानं म्हणाली, "सेट!" आणि मागची कळ फिरवली. घड्याळ तिथंच थांबलं. सेल बदलला, घड्याळजीला दाखवलं. तो म्हणाला, "मशीन एकदम ओके हाय ताई. फक्त चालंना."

हे दोन्ही योगायोग होते, असं समजायला हरकत नव्हती. शरणप्पा काकांचं मात्र समजावून घेणं अवघड गेलं.

शरणप्पा काका म्हणजे शेजारचे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. सकाळी लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे ते सावली जिकडं सरकेल तिकडं खुर्ची सरकवत संध्याकाळपर्यंत. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ते सल्ला द्यायचे आणि प्रत्येक सल्ला 'आमच्या वर्कशॉपात' इथून सुटायचा. धनूनं प्रकल्पासाठी त्यांना विचारलं, तर ते खुलले.

"आमच्या वर्कशॉपात व्हॉल्व्ह सेट करायचो आम्ही. एकदा सेट झाला की बापाला हलायचा नाही!"

"काका, तुम्ही पण ह्या खुर्चीत मस्त सेट झालात की!" धनू कौतुकानं म्हणाली.

काका हसले. मग चहाला जायचं म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून डोळे तेवढे बदलले.

"धने," ते हळूच म्हणाले, "उठवंना की गं."

मग काय, गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं उसण भरलीय, गरम वीट लावा. कुणी म्हणालं वीट नको, एरंडेल चोळा. एकानं खांदे धरून ओढलं, तर काकांबरोबर खुर्चीही वर उचलली गेली. अखेर खुर्चीसकट त्यांना छोट्या टेम्पोत ठेवून हाडवैद्याकडं न्यायचं ठरलं. टेम्पोच्या हौद्यात मधोमध काका, ताठ, चेहऱ्यावर तेच हसू, मागं धरायला दोन जण. चौकात एका बाईनं चप्पल काढून नमस्कार केला. सिग्नलला दुसऱ्या गाडीवरच्या माणसानं विचारलं, "मिरवणूक कुठल्या मंडळाची?"

हाडवैद्यानं पाठीवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि हात धुऊन आला. "हाड सगळं जागेवर हाय," तो म्हणाला. "काही म्हणता काही हललेलं नाही." मग आवाज खाली आणून, "तेच तर मला कळंना."

काका गेले तसेच परत आले. लिंबाखाली पुन्हा ठेवले गेले. फरक एवढाच की आता सावली सरकली तरी खुर्ची सरकत नव्हती.

त्या संध्याकाळी दिपालीची आई मोबाइलचा टॉर्च लावून धनूच्या घरी आली. "आ कर," म्हणाली. धनूनं आ केला. टॉर्च आत फिरला. "हाय!" ती ओरडली. "मागच्या टोकाला हाय. काळी जीभ हाय पोरीची!"

"जिऱ्याची गोळी आहे ती," धनूची आई म्हणाली. "आत्ताच खाल्लीय तिनं."

पण गोळी विरघळून जाईपर्यंत थांबतंय कोण? हिचं म्हटलेलं खरं होतं, ही बातमी जेवणं व्हायच्या आत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोहोचली. धनूला वाटलं, आता लोक आपल्याला टाळणार. मनाची तयारी करून ती सकाळी दारात आली, तर दारात केराबाई मावशी उभी. दुधाची किटली घेऊन, आणि नेहमीपेक्षा अदबीनं.

केराबाई शेळ्या-म्हशी राखून घरोघर दूध घालायची. तिचा मुलगा जोतिराम डेअरीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गावोगाव फिरायचा, वेळेवर जेवायचा नाही.

"बाय माझी," केराबाई म्हणाली, "आमचा जोत्या कुटं बी एका जागी सेट झाला म्हण की. येकदाच म्हण."

"मावशी, ते तसं नसतंय. हे इंग्रजी व्याकरण आहे!"

"व्याकरण का आसंना. गुण येतोय न्हवं? तुझं त्वांड झिजतंय व्हय गं?"

धनूला नाही म्हणवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, कुणी आपल्यासमोर असं हात जोडून उभं राहणं हे पंधराव्या वर्षी फार वाईट वाटण्यासारखं नसतं. ती म्हणाली, "जोतिराम दादा सेट झाला."

आठवडाभरात जोतिरामला गाडीवरून काढून मंगळवेढ्याच्या दूध संकलन केंद्रात टेबलाशी बसवलं. केराबाईनं पेढे वाटले. मग पुन्हा आली तेव्हा तिच्या हातात किटली होती, पण तोंडावर रया नव्हती. "सेट झाला गं पोरगा. दोन येळा जेवतोय. पर फोन केला की नुसता 'हं' म्हणतोय. म्या म्हनलं, बाळा, बोल की. तर पुन्यांदा 'हं'. बघून आले मी काल. टेबलापाशी बसलाय. पंख्याखाली सुदिक केस हलत न्हाईत त्याचं."

धनूच्या अंगावर काटा आला. गल्लीच्या अंगावर आला नाही. गल्लीला फक्त 'टेबल' आणि 'दोन वेळा जेवण' एवढंच ऐकू आलं. दारात रांग लागली. नळाची वेळ सेट कर. बहिणीचं लग्न सेट कर. एका काकूंनी तर नवऱ्यालाच हाताला धरून आणलं. "ह्यांचा मूड सेट कर गं. सदा चिडचिड." धनू कंटाळून म्हणाली, "झाला सेट." तेव्हापासून ते काका हसायला लागले ते हसतायतच. जेवताना, आंघोळ करताना, झोपेत. एका मयतीला गेले, तिथंही. खांदा देताना त्यांचे दात दिसत होते, म्हणे. काकू तक्रारीला आल्या नाहीत. त्या फक्त आपलं दार लवकर लावून घ्यायला लागल्या.

आणि एवढं सगळं होऊन भिंतीवरचा तक्ता कुणी वाचला? कुणी नाही! धनूचा खरा अपमान तोच होता. सूर्य, दही, हाड, सापळा असे सुंदर रकाने पाडून ती बसली होती, आणि लोक तक्त्याला पाठ टेकून जिभेकडं बघत होते.

हे सगळं चाललेलं असताना घरात एक गोष्ट ठरून गेली होती. दहावी झाली की धनूला लातूरला ठेवायचं. तिथं एक अकादमी होती. दोन वर्षं हॉस्टेलवर राहायचं, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची. "तिकडं गेली की लाइफ सेट!" अप्पा म्हणायचे. आई म्हणायची. मामा फोनवर म्हणायचे. परवापर्यंत धनूलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र कुणी ते वाक्य बोललं की तिच्या पोटऱ्यांत काहीतरी घट्ट झाल्यासारखं व्हायचं. खालून वर, हळूहळू, दही लागतं तसं.

अकादमीची प्रवेश परीक्षा रविवारी सोलापुरातच एका मंगल कार्यालयात झाली. स्टेजवर कुणाच्या तरी लग्नाची दोन मोठ्या खुर्च्यांची जोडी तशीच होती, आणि त्यासमोर ओळीनं शे-दोनशे मुलं, कोपर न हलवता. पेपर वाटले गेले. माइकवरून बाईंचा आवाज आला, "प्रत्येकाने आपापला सेट पाहावा. ए, बी, सी की डी. सेटचा गोल काळा करावा. एकदा घेतलेला सेट बदलून मिळणार नाही."

हॉलभर कुजबुज उठली. "तुझा कुठला?" "बी." "तुझा?" "डी." धनूच्या शेजारच्या मुलीनं मान फक्त वळवली, बाकी काही नाही, आणि विचारलं, "तू कुठल्या सेटची?"

धनूनं सवयीनं हात वर केला. "मॅडम, पण ह्याला सेट का म्हणायचं?"

बाई तिच्याजवळ येऊन थांबल्या. आवाज गोड होता. "बाळा, इथं प्रश्न विचारायचे नसतात. सोडवायचे असतात. हात खाली."

धनूनं हात खाली घेतला. सगळी गणितं सोडवली, झाडाच्या पेशी-बिशी सगळं सोडवलं. फक्त सेटच्या गोलावर पेन टेकवलं की ते पुढं जाईना. पाऊल अडावं तसं अडलं. गोल कोरा राहिला.

निकाल आला, त्यात सगळ्यांची नावं होती. धनूचं नव्हतं. अप्पा रजा टाकून अकादमीच्या सोलापूर ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"नाव आहे. नंबर आहे. उत्तरं आहेत. सेट नाही. सिस्टीम म्हणतीय, मुलगी सेटच नाही."

"मग करा की सेट!"

"आम्ही कसं करणार काका? दोन नंबरच्या खिडकीत विचारा."

दोन नंबर म्हणाली, शाळेचा बोनाफाइड आणा. आणला, तर म्हणाली, ह्यावर सही पाहिजे, तीन नंबर. तीन नंबरच्या काचेवर 'जेवायला गेले आहेत' अशी पाटी होती. ती पाटी उन्हानं पिवळी पडून अक्षरं विटली होती. अप्पा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग परत पहिल्याकडं. पहिला म्हणाला, "साधं करू. उद्या संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत मी फोन करतो. मुलीनं स्वतःच्या तोंडानं सेट सांगायचा. नाही सांगितला तर हॉस्टेलची जागा पुढच्या नंबराला."

अप्पा घरी आले ते सोफासेटवर बसले. प्लास्टिक चर्रर्र वाजलं. "एवढं एक बोल फोनवर, बास," ते धनूला म्हणाले. "माझ्यासारखं काउंटरला बसून दुसऱ्याचे पैसे मोजायची पाळी तुझ्यावर यायला नको."

अज्जी कोपऱ्यातून म्हणाली, "मह्या, तुझा बाप, विजापूरला गेलेला सायकलवर. गोल घुमट बघायला. मॅट्रिकला हुता. दोन दिस घरी न्हाई. मी रडून रडून आर्धी झाले. आला तर काळा ठिक्कर, आन् लई बोलत हुता, लई. नोकरी लागली त्या दिशी ह्याचे अप्पा म्हणले, मह्या सेट झाला." तिनं अप्पांकडं बघितलं. "तवापासून बोललाच न्हाई तसा."

अप्पांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. बराच वेळ पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत धनू गुंड सरांना शोधत गेली. सर रिकाम्या वर्गात पेपर तपासत होते. तिनं सगळं सांगितलं. दही, काका, जोतिराम, गोल. "सर, तुम्ही म्हणाला होता ना, सेट म्हटलं की हलत नाही. मग आता माझं काय?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ते मी माझ्यापुरतं म्हणालो होतो गं. तुझा प्रश्न ऐकून अपसेट झालो होतो." आणि स्वतःच दचकले. "बघ. ह्यातही आहे तो. आधी 'अप' आला आणि बसलेलं सगळं उलटं झालं." ते उठून फळ्याशी गेले. तो फिकट शब्द अजून तिथं होताच. त्याच्यापुढं त्यांनी एक छोटासा शब्द लिहिला. "पुढं 'आउट' लाव. सेट आउट. म्हणजे काय? निघणं! घरातनं बाहेर पडणं. 'फ्री' लाव, म्हणजे सोडून देणं. एकाच शब्दात बसणंही आहे आणि निघणंही. फक्त पुढचा छोटा शब्द ज्याचा त्यानं लावायचा असतो." त्यांनी खडू ठेवला. "मी लावलाच नाही."

संध्याकाळी धनूच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. फोन येणार हे दिपालीच्या आईला कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नाही. सोफासेटवर चार बायका, सतरंजीवर बाकीच्या. हसणारे काका हसत होते. शरणप्पा काकांना खुर्चीसकट उचलून दाराशी ठेवलं होतं. "आमच्या वर्कशॉपात," ते म्हणाले, पण पुढचं वाक्य आलं नाही. सगळ्यांच्या मधोमध, पाट टाकून, पाय दुमडून धनू. समोर अप्पांचा मोबाइल. खिडकीत दिवस मावळायला आलेला, आणि पेल्यातले दात त्या उजेडात लालसर.

"काय मोठं नाही," दिपालीची आई कुजबुजली. "नुसतं म्हण, धनू सेट झाली. तुझं म्हटलेलं खरं होतं. एका दमात डॉक्टर!"

फोन वाजला. अप्पांनी स्पीकर लावला.

"हॅलो," क्लार्कचा आवाज आला. "विद्यार्थिनी बोलतीय का? सेट सांगा."

धनूनं तोंड उघडलं. जीभ हलली नाही. खरंच नाही! पाय तर केव्हापासून आपले नव्हतेच. गुडघ्यापासून खाली काही लागत नव्हतं. तिनं आजूबाजूला बघितलं. कुणाची पापणी लवत नव्हती. पंखा फिरत होता आणि कुणाचा पदर हलत नव्हता. अप्पा मोबाइल धरून पुढं वाकलेले, तसेच. आईचा हात तोंडावर गेलेला, तसाच. सगळी बैठक मिळून काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखी. आणि त्यात एक जागा रिकामी होती, तिच्या मापाची.

"हॅलो? सेट?"

"धनू..." तिच्या घशातून आवाज निघाला. बायकांचे डोळे तेवढे तिच्याकडं वळले. "धनू सेट..."

अप्पांचे डोळे मोठे झाले.

"...आउट!"

एवढ्या जोरात ओरडली, की खिडकीतल्या पेल्यातले दात किणकिणले.

"आउट?" क्लार्क म्हणाला. मागं की-बोर्ड वाजला. "सेट, आउट. बरं. काढतो मग नाव. धन्यवाद." फोन बंद.

"आउट?" सतरंजीवरनं कुणीतरी म्हणालं. "कोण आउट?"

"मॅच लागलीय का कुटं?" केराबाईनं विचारलं.

"अगं, नाव काढलं पोरीचं!" दिपालीची आई ओरडली, आणि एकदम सगळे हलले. पदर, हात, तोंडं, सगळं एकदम. त्या गोंधळात शरणप्पा काका "कोण म्हणालं काढलं? बघू तो फोन!" म्हणत तावातावानं उठून आत आले, आणि मध्यभागी पोचल्यावर आपण उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. खुर्ची दारातच राहिली होती. हसणाऱ्या काकांनी तोंड मिटलं, आणि इतक्या दिवसांनी बायकोवर खेकसले, "चल आता घरी! जेवायचं का नाही?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या त्यांच्यामागून जवळजवळ पळतच गेल्या.

बैठक रिकामी झाली. उरले चौघं. अज्जीनं पेल्यातले दात काढून तोंडात बसवले आणि ऐकायची तयारी केली. आई पदराचं टोक पिळत उभी. अप्पा मोबाइलकडं बघत. ते आता निकाल देतील, असं वाटत होतं. पण त्यांनी दिला नाही.

धनूच्या पायांत लाखभर मुंग्या धावत होत्या. भिंतीला धरून ती उठली. एक पाय टेकवला, मग दुसरा. दुखत होते, म्हणजे आपलेच होते.

"अप्पा, आई, ऐका," ती म्हणाली. "ते चुकून नाही गेलं तोंडातनं. मी लातूरला जाणार नाही. अकरावी इथं सोलापुरातच करणार. सायन्सच घेणार, अभ्यास पण करणार. पण हात वर केला की खाली घे म्हणतात, तिथं मी बसणार नाही. उद्या सकाळी तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला. कॉलेजं बघायची. आत शिरायचं आणि तिथल्या पोरांना आपणच विचारायचं, तुम्हाला इथं बोलू देतात का म्हणून. आणि अप्पा, रिक्षा सांगून ठेवू नका. चालत जायचं."